भरतीच्या वेळापत्रकावर: हर्णै शेड्यूलच्या नोंदी

८ नोव्हेंबर २०२५

रेकी, म्हणजे सिनेमाच्या शूटिंगसाठी जागा बघणं. संध्याकाळच्या मासळीच्या लिलावाला हर्णै बंदरात पोचलो, तेव्हा बोटी बाहेर नांगर टाकून उभ्या होत्या आणि बैलगाड्या चाकं बुडेपर्यंत पाण्यात उतरल्या होत्या. मागे सुवर्णदुर्ग, त्याच्याही मागे सूर्य. कॅमेरामनने तिथल्या तिथे जाहीर केलं की सिनेमा इथूनच सुरू होणार. होऊ दे बापडा. दापोलीला येणारा प्रत्येक पर्यटक हेच दृश्य मोबाईलमध्ये भरून नेतो.

मी एका बाईच्या मागे मागे फिरलो. लिलावाच्या घोळक्यात ती तोंडाने फारसं बोलत नव्हती. हनुवटी उचलली की बोली वाढली, नजर वळवली की ती बोलीतून बाहेर. सुरमईचा एक क्रेट तिच्यावर सुटला तसा तिने कमरेचा लाल फडका फाडून त्याची चिंधी क्रेटच्या कडीला बांधली आणि मागे वळूनही न बघता पुढच्या ढिगाकडे गेली. अर्ध्या तासाने टेम्पोत पन्नासभर क्रेट चढले, त्यातले स्वतःचे चार तिने लांबूनच बोटाने दाखवले. सिनेमातली आई मला तिथे दिसली.

युनिटमध्ये नव्याने आलेल्यांसाठी गोष्ट थोडक्यात. हर्णैला मासळी घेऊन दापोलीच्या बाजारात विकणारी बाई. तिचा नऊ वर्षांचा मुलगा बंदरावर नको ते बघतो: रात्री बोटीवरून बोटीवर चोरीचं डिझेल उतरवताना. शिमग्याच्या गर्दीत तो नाहीसा होतो. सगळा सिनेमा एका रात्रीचा आणि दुसऱ्या दिवशीच्या भरतीपर्यंतचा. नाव अजून ठरलेलं नाही. निर्मात्यांनी सुचवलेली तिन्ही नावं ट्रकच्या मागे लिहायच्या लायकीची आहेत.

त्यांचं म्हणणं, 'आजच्या काळातली हिरकणी' करा. हिरकणी मलाही हवी आहे, पण तिच्या गोष्टीत आपण नेहमी वात्सल्यावरच थांबतो. रायगडाचा कडा अंधारात, नेसत्या लुगड्यानिशी ती उतरली कशी, पाय कुठे रोवला, हात कशाला घातला, हे कोणी सांगत नाही. मला तेवढंच हवं आहे.

१३ नोव्हेंबर

पटकथेतलं पोलीस ठाण्याचं दृश्य आज मोडीत निघालं. त्यात हवालदार जांभई देऊन आईला म्हणतो, 'चोवीस तास थांबा, येईल परत.' असं दृश्य इतक्या वेळा येऊन गेलंय की लेखकाने ते डोळे मिटून लिहिलं. वाचायला दिलं होतं एका निवृत्त पोलीस अधिकाऱ्यांना. त्यांनी पान उलटं करून टेबलावर ठेवलं आणि चहा मागवला.

त्यांनी सांगितलं ते असं. हरवलेल्या मुलांच्या बाबतीत चोवीस तास थांबायचा नियमच नाही. मे २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट सांगितलं, की मूल हरवल्याची तक्रार आली की गुन्हा नोंदवायचा आणि अपहरण किंवा तस्करी झाली असं धरूनच तपास सुरू करायचा. चार महिन्यांत मूल सापडलं नाही तर तपास मानवी तस्करीविरोधी पथकाकडे जातो. आता भारतीय न्याय संहितेचं अपहरणाचं कलम १३७ लागतं. हद्दीचा वाद घालून परत पाठवायची सोय नाही, कुठल्याही ठाण्यात शून्य क्रमांकाने गुन्हा दाखल होतो. मुलाचा फोटो, वर्णन, अंगावरचे कपडे लगेच सगळीकडे जातात. ११२ (पोलीस) आणि १०९८ (मुलांसाठी मदत) हे दोन नंबर तर शाळेच्या भिंतीवरही रंगवलेले असतात.

लेखकाचा चेहरा पडला. पोलीस कामाला लागले तर आई एकटी कशी पडणार? थरारपटात आई एकटीच हवी. सगळी दुपार त्यात गेली. उत्तर शेवटी खाडीकडून आलं. आंजर्ल्याच्या खाडीच्या तोंडाशी गाळ साचलेला आहे. ओहोटीला तिथे गाळाचा दांडा उघडा पडतो, मग मोठी बोट आत येत नाही नि आतली बाहेर पडत नाही. म्हणजे पोलीस तत्पर, गस्ती नौका तयार, आणि तरीही पाणी भरेपर्यंत सगळे बाहेर थांबलेले. चिखलातून आत जाऊ शकते ती एकटीच. तिला एकटी पाडलं ते ओहोटीने, कोणाच्या आळसाने नव्हे. माझ्या मते हे जांभईपेक्षा कितीतरी भीतीदायक आहे, कारण यात शिव्या घालायलाही कोणी नाही.

२० नोव्हेंबर

आज अमावास्या. तांडेलकाकांना (इथले बोट चालवणारे) पहाटेच खाडीवर बोलावलं होतं, आमच्या आधी हजर. मोबाईलमधलं भरतीचं कोष्टक दाखवलं तर म्हणाले, "ते राहू दे. तिथी सांग." तिथीला तीनाने गुणायचं, चाराने भागायचं, येईल तो भरतीचा तास. अमावास्या-पौर्णिमेला पंधरा त्रिक पंचेचाळीस, भागिले चार, सव्वाअकरा. अष्टमीला सहा. छापील कोष्टकाशी थोडा फरक पडतो, पण शेड्यूल लावायला हा हिशोब पुरतो आणि त्याला रेंज लागत नाही. दोन भरतींमध्ये सव्वाबारा-साडेबारा तास, म्हणून रोजची भरती आदल्या दिवशीपेक्षा पाऊण-एक तास उशिरा.

चिखलात बांबू रोवून त्यावर वीत-वीत अंतरावर रंगाचे पट्टे मारले आणि पूर्ण ओहोटीपासून बघत बसलो. पहिल्या तासात काहीच होत नाही. पाणी हललं की नाही यावर दोन लाईटमनची पैज लागली. दुसऱ्या तासात पट्टे बुडू लागले. तिसऱ्या-चौथ्या तासात मात्र बघता बघता पाणी चढलं, एका पट्ट्याचा फोटो काढेपर्यंत वरचा ओला. मग शेवटच्या दोन तासांत वेग परत मंद. जुना ठोकताळा आहे: सहा तासांतल्या मधल्या दोन तासांत निम्मं पाणी येतं. पहिल्या आणि सहाव्या तासात बाराव्या हिश्शाएवढंच.

लेखकाने तिथेच वही काढली. शेवटच्या अर्ध्या तासाची रचना ह्याच चढणीवर बसवायची. मुलगा खाडीत टाकून दिलेल्या, फळ्या निखळलेल्या बोटीच्या पोटात कोंडलेला. सुरुवातीला पाणी नुसतं तळाशी चमकतं. प्रेक्षकाला वाटतं, वेळ आहे. आईला माहीत आहे की वेळ नाही, कारण तिला तिथी माहीत आहे. टिकटिकणारा बाँब, लाल-निळ्या वायरी, काही लागत नाही.

२९ नोव्हेंबर

फाईट मास्टर मुंबईहून आले. माणूस कामाचा पक्का, बोलणं हिंदीत, कोकणात पहिल्यांदा. त्यांनी आईसाठी एक फिरकी लाथ बसवून आणली होती. हॉटेलच्या गच्चीवर त्यांच्या सहायकाने करून दाखवली, छानच दिसली. ताई (आमच्या दिग्दर्शिका) म्हणाल्या, "ही शिकली कुठे?" मास्टर गप्प.

मग त्यांना बर्फाच्या कारखान्यात नेलं. दुसऱ्या मारामारीची जागा तीच आहे. आत खाऱ्या थंड पाण्याची टाकी, तिच्यात बुडवलेले लोखंडी डबे, वर लाकडी झाकणं. डबे वर काढले की बर्फाच्या लाद्या सुटतात. कामगार त्या आकड्याने ओढत नेतात आणि चुरा करायच्या मशीनच्या तोंडात ढकलतात. फरशी कायम ओली. नवखा माणूस तिथे धड चालत नाही, कामगार मात्र गमबुटात धावतात. मास्टर दारातच घसरले, सावरले आणि त्यानंतर तासभर फक्त बघत राहिले. परत निघताना गाडीत म्हणाले, लाथ कॅन्सल.

तेव्हापासून नियम ठरला: आई मारामारीत जे काही करेल ते ती रोज कामावर करत असली पाहिजे. आकडा अडकवून लादी ओढणं, आणि तसाच आकडा अडकवून माणसाचा पाय. क्रेट गुडघ्याने ढकलणं. ओल्या फरशीवर आपण पक्कं उभं राहणं आणि समोरच्याला धावायला लावणं. मीठ. माशाच्या काट्याने रोज हात फुटतात, त्यामुळे हाताला लागलं म्हणून ती थांबणार नाही.

बर्फाच्या कारखान्यात अमोनिया असतो. पटकथेत व्हॉल्व्ह फुटतो. तिथल्या ऑपरेटरने सांगितलं की वास आला की ओला फडका तोंडावर धरून वाऱ्याच्या उलट दिशेला निघायचं, अमोनिया पाण्यात पटकन विरघळतो. म्हणून सिनेमात आई लाल फडका मीठपाण्यात बुडवते आणि खलनायक कोरडा रुमाल नाकाला लावतो. शूटिंगला अर्थातच धुराचं मशीन, कारखाना बंद ठेवून. हे मोठ्या अक्षरांत कॉल शीटवर.

६ डिसेंबर

परवानग्या. कंटाळवाणी नोंद, पण पुढच्या कोणाच्या तरी कामी येईल.

राज्याच्या चित्रपट महामंडळाची एक खिडकी आहे, अर्ज तिथे ऑनलाईन. बंदर आणि जेट्टीसाठी मेरीटाईम बोर्ड. सुवर्णदुर्ग केंद्रीय पुरातत्त्व खात्याचा संरक्षित किल्ला, शिवाय जुलै २०२५ मध्ये मराठा लष्करी स्थापत्याच्या १२ किल्ल्यांपैकी एक म्हणून जागतिक वारसा यादीत गेलेला. त्याच्यावर दोर टाकून चढण्याचं दृश्य होतं, ते मी स्वतःच काढून टाकलं. लांबून दिसेल तेवढा पुरे. तिवरांसाठी वनखात्याचा कांदळवन कक्ष. एक फांदीही मोडायची नाही, म्हणून बोटीचा सांगाडा तिवरांच्या बाहेर उघड्या चिखलावर ठेवणार. ड्रोनची नोंदणी आणि नकाशातला झोन तपासून घेतला.

बैलगाड्या फ्रेममध्ये येणार म्हणजे प्राणी कल्याण मंडळाची पूर्वपरवानगी. निर्मात्यांचा प्रश्न, बैल तर रोजच तिथे असतात? असतात, पण आपण 'ॲक्शन' म्हटल्यावर चालले की तो अभिनय झाला.

एका कार्यालयात आमची फाईल दुसऱ्याच जिल्ह्याच्या गठ्ठ्यात गेली. सापडली.

१४ डिसेंबर

नायिका हर्णैत राहायला आली आहे. पहिले काही दिवस मासळीच्या वासाने जेवण जाईना. आता लिलावातल्या मावशींच्या शेजारी बसून बांगडे साफ करते. विळीवर मासा धरायचा कसा हे मावशींनी हातावर हात ठेवून शिकवलं. "बोट आत, पात्याकडं बघू नको, माशाकडं बघ."

आज त्यांना दोन प्रसंग वाचून दाखवले. पहिला ऐकून घेतला. दुसऱ्यात आई समुद्राकडे बघून टाहो फोडते, स्वगत पानभर. मावशी मध्येच म्हणाल्या, "ही बाई एवढी रडते कशाला? पोर गावेपर्यंत रडायला फुरसत असते काय कोणाला? पयला ती बर्फाच्या गाडीवाल्यांना फोन लावील." लेखक शेजारीच होता. त्याने विचारलं, बर्फाच्या गाडीवाल्यांना का? तर म्हणे रात्री रस्त्यावर दुसरं असतं कोण. कुठली गाडी कुठे थांबली, कुठल्या वळणावर अनोळखी टेम्पो दिसला, सगळं त्यांना ठाऊक.

पानभर स्वगत गेलं. त्या जागी आता सहा फोन आहेत, प्रत्येक दोन-तीन वाक्यांचा, आणि सहाव्यात टेम्पोचा पत्ता लागतो. नायिका म्हणाली, रडण्यापेक्षा हे कठीण आहे. खरं आहे. आवाज सरळ ठेवून भाव विचारल्यासारखं बोलायचं आणि हाताने क्रेटची कडी घट्ट धरायची. आज तालमीत तिने कडी इतकी आवळली की प्लॅस्टिकचा वळ तळव्यावर उठला. ताईंनी तोच क्लोज लिहून घेतला.

२० डिसेंबर

मच्छीमारांच्या बैठकीला बोलावणं आलं. विषय सरळ: तुमच्या सिनेमात आम्ही चोर आहोत का? प्रश्न रास्त आहे. पहिल्या मसुद्यात खलनायक एका बोटीचा मालक होता आणि त्याची बोट एलईडी दिव्यांची. दिसायला जबरदस्त, काळ्या समुद्रात दिव्यांचा डोंगर. एलईडी दिव्यांनी मासेमारीला केंद्राने २०१७ मध्येच बंदी घातली आहे आणि त्या बोटींविरुद्ध सगळ्यात जास्त ओरडतात ते हेच पारंपरिक मच्छीमार. त्यांच्याच गळ्यात ती बोट बांधणं म्हणजे उलटी गंगा.

दोन तास चर्चा झाली, आवाज चढले, चहा झाला. खलनायक आता डिझेलचा धंदा करणारा बाहेरचा ठेकेदार आहे आणि दिव्यांची बोट त्याने भाड्याने घेतलेली. एका म्हाताऱ्या खलाशांचा मुद्दा मला फार पटला: गावातला एक माणूस तरी त्याला सामील दाखवा, नाहीतर खोटं वाटेल. कोणी दाखवायचा यावर मात्र बैठकीत एकमत झालं नाही.

३ जानेवारी २०२६

मुलाचं काम करणारा बालकलाकार आणि त्याची आई आले. खऱ्या आयुष्यात आई सेटवर सतत बरोबर, पडद्यावर सतत हरवलेली.

बालकामगार कायद्याच्या २०१७ च्या नियमांनुसार मुलाला दिवसाला पाच तासांपेक्षा जास्त काम देता येत नाही, विश्रांतीशिवाय सलग तीनपेक्षा जास्त नाही, जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते आणि त्याच्या मानधनातले किमान २० टक्के त्याच्या नावाने बँकेत मुदत ठेवीत. बालहक्क आयोगाच्या मार्गदर्शक सूचना सांगतात की संध्याकाळी सात ते सकाळी आठ काम नाही. आणि आमचा सिनेमा रात्रीचा!

म्हणून गणित असं: पाणी चढताना हवं, उजेड कलता हवा, आणि मुलगा सातच्या आत पॅकअप. अमावास्येला भरती सव्वाअकराला, म्हणजे पाणी भर उजेडात चढणार. अष्टमीला भरती सहाला, वेळ छान, पण तो भांग, पाण्याला जोर नाही. मधली षष्ठी: सहा त्रिक अठरा, भागिले चार, साडेचार. माघ शुद्ध षष्ठी २४ जानेवारीला आहे. तिच्या आगेमागेचे दिवस खाडीसाठी राखून ठेवले. रात्रीचा भास बोटीच्या पोटात काळे पडदे लावून, बाहेरचे रुंद शॉट डमीवर (बदली कलाकारावर) रात्री.

१० जानेवारी

दाभोळ ते धोपावे, फेरीबोट. आज शूटिंगचा दिवस चांगला गेला.

मूळ पटकथेत टेम्पो फेरीबोटीत चढतो, रॅम्प उचलला जातो आणि आई धावत येऊन उडी मारते. रेकीला तांडेलकाकांनी विचारलं होतं, उडी कशाला? तिथे बाजूला होडी असते की. फेरीबोट सुटेपर्यंत वेळ खाते, वळायला वेळ, पलीकडे रॅम्प टेकवायला वेळ. इंजिन लावलेली लहान होडी तिच्या आधी पोचते. आणि गाड्यांना बाहेर पडायला तो एकच रॅम्प.

तेव्हा पाठलाग उलटा केला. टेम्पोतला माणूस निवांत, मागे कोणी नाही, बिस्किटाचा पुडा फोडतो. पलीकडे रॅम्प खाली येतो आणि समोर उतारावर ती उभी. गाडीपुढे आडवी नाही, बाजूला, हातात आकडा घेऊन. पुढच्या गाड्या एकेक करून निघून जातात. टेम्पोची पाळी येईपर्यंत त्या माणसाला सगळं कळून चुकलेलं असतं आणि गाडी मागे घ्यायला जागा नसते. मास्टरांनी स्वतःहून टाळी दिली.

टेम्पोत मुलगा नाही. तिच्याच लाल चिंधीचा क्रेट आहे आणि क्रेटच्या तळाला काळा चिकट चिखल. वाळू नव्हे, खाडीचा गाळ. म्हणजे सगळे ज्याला लांब शोधत होते तो घराच्या जवळच. हा धागा ८ नोव्हेंबरच्या त्या बाईचा, तिचं मानधन 'सल्लागार' म्हणून लावायला प्रॉडक्शनला सांगितलं आहे. प्रॉडक्शन मॅनेजरने विचारलं, चिंधीचं मानधन? हो, चिंधीचं.

१५ जानेवारी

दिव्यांच्या बोटीची तालीम. खोटा नंबर रंगवलेली बोट, डेकवर चार अनोळखी माणसं, खोट्या बंदुका. सूर्य मावळला तशी बोट किनाऱ्याला समांतर फिरवून बघत होतो. अर्ध्या तासात सागरी पोलिसांची गाडी पुळणीवर हजर. पलीकडच्या वाडीतून कोणीतरी १०९३ ला (सागरी सुरक्षेचा मदत क्रमांक) फोन केला होता: बोट इथली वाटत नाही, नंबर ओळखीचा नाही, बघा.

आमच्याकडे पत्र होतं, ठाण्यात त्याची प्रतही होती, पण वाडीत कोणी सांगितलेलं नव्हतं. अधिकाऱ्यांनी बंदुका हातात घेऊन तपासल्या, नावं लिहून घेतली आणि म्हणाले, फोन करणारा बरोबरच होता. १९९३ ला ह्याच किनारपट्टीवर, रायगडात शेखाडीला, स्फोटकं उतरली होती. २००८ नंतर तर बोटींचे नंबर, खलाशांची ओळखपत्रं, सराव, सगळं कडक झालं. इथे परकी बोट नजरेतून सुटत नाही.

ताई रात्री उशिरापर्यंत पटकथा घेऊन बसल्या. परकी बोट अर्ध्या तासात ओळखू येते, मग खलनायक मुलाला समुद्रातून नेईलच कसा? पकडला जाईल. म्हणून तो समुद्राकडे नेतोय असा देखावा करतो, सगळी गस्त तिकडे खेचतो आणि मुलाला खाडीतच ठेवतो. दिव्यांची बोट हुलकावणी म्हणूनच येते. त्या वाडीतल्या माणसाने आमच्या मध्यंतराची गाठ सोडवली आणि त्याला पत्ताही नाही.

२२ जानेवारी

माघी गणेशोत्सव. स्थानिक मुलं सगळी आंजर्ल्याला कड्यावरच्या गणपतीला. शूटिंग बंद. आम्हीही पाखाडी चढून दर्शन घेऊन आलो. वरून खाडीचं तोंड पूर्ण दिसतं, कॅमेरामनने तिथूनच उद्याचे अँगल ठरवले.

२४ जानेवारी

खाडी. काल फक्त चिखलातलं चालणं घेतलं, आज बोटीच्या पोटातलं.

चिखलात नायिका पहिल्यांदा मांडीपर्यंत रुतली, खरी. आत दोर धरून चौघे उभे होतेच. कालवं काढणाऱ्या बायकांनी दाखवलं होतं: टाच रोवायची नाही, पाऊल सपाट टाकायचं, उचलताना आधी वाकडं करायचं म्हणजे हवा शिरते आणि पाय सुटतो. थांबलं की रुतलं. ती एका लयीत चालायला लागल्यावर ताईंनी कट म्हटलंच नाही, कॅमेरा संपूर्ण पट्टा तिच्या बरोबर गेला. तिथे पार्श्वसंगीत टाकायचं नाही असं आत्ताच लिहून ठेवतो, नाहीतर एडिटला कोणीतरी ढोल घालील.

आज मुलाचे शॉट बारा वाजता सुरू. सांगाड्याच्या तळाला लाकडी फळ्यांचं लपवलेलं व्यासपीठ, त्यामुळे पाणी कितीही दिसलं तरी मुलाच्या कमरेवर जाऊ शकत नाही. दोन जीवरक्षक पाण्यात, त्याची आई मॉनिटरपाशी. पहिल्या तासात पाणी संथ, आरामात चार शॉट. ब्रेक संपला तोवर बांबूचे पट्टे भराभर बुडत होते. मग कोणालाच ओरडून सांगावं लागलं नाही, रिटेक मागायची सोयच नव्हती. फोकस पुलर छातीभर पाण्यात, लेन्सच्या काचेवर थेंब, तो तसाच ठेवला.

आई फळी उचकटते ते आकड्याने. मुलगा बाहेर येतो आणि पहिलं वाक्य बोलतो, 'आई, माझी चप्पल राहिली.' हे वाक्य लेखकाचं नाही. तालमीत मुलाची चप्पल खरंच चिखलात राहिली होती, तेव्हा तो तसं म्हणाला. ताईंनी उचललं.

साडेपाचला मुलाचं पॅकअप. गरम पाणी, भात, पिठी. झोपला.

३१ जानेवारी

बर्फाचा कारखाना, मारामारी पूर्ण. दोन कॅमेरे. मास्टरांनी खलनायकाच्या बुटाला मुद्दाम गुळगुळीत तळवे लावले, पडणं आपोआप आलं. डमीच्या खांद्याला मुका मार, दवाखान्यात दाखवून आणलं, फ्रॅक्चर नाही. लाद्या ओढायच्या शॉटला नायिकेने डमी घेतला नाही, आणि तो शॉट सगळ्यात चांगला आहे.

सिंक साऊंडवाल्याची (शूटिंगच्या वेळीच आवाज टिपणारा) तक्रार: कॉम्प्रेसरचा आवाज. तो बंद होता, पण शेजारच्या कारखान्याचा चालू होता. डबिंग करावं लागणार.

८ फेब्रुवारी

कच्चा एडिट बघितला. निर्माते म्हणाले, आई अजून चार जणांना मारू शकली असती. प्रमाणपत्राचा विषय निघाला. आता यूएमध्ये (मुलांनी पालकांच्या मार्गदर्शनाखाली बघायचे सिनेमे) ७+, १३+ आणि १६+ अशा तीन पायऱ्या आहेत. आम्हाला १३+ हवं आहे. आकड्याचा एक शॉट रक्तासकट ठेवला तर १६+ होईल असा संपादकाचा अंदाज. ताईंनी रक्त काढलं, आवाज ठेवला. माझ्या मते आता जास्त लागतं.

फेरीबोटीचं दृश्य बघताना संपादकाचा मदतनीस (वय वीस, मोबाईलशिवाय श्वास न घेणारा) मोबाईल खाली ठेवून पुढे सरकला. ही नोंद निर्मात्यांसाठी.

२५ फेब्रुवारी

शिमग्याचा भाग उरला आहे, आणि तो सिनेमाचा पहिला भाग. मार्चच्या सुरुवातीला होळी. गावकीच्या बैठकीत ठरलं ते लिहून ठेवतो, उद्या कोणी म्हणायला नको की सांगितलं नव्हतं.

पालखी आमच्यासाठी थांबणार नाही, दुसऱ्यांदा नाचवली जाणार नाही, तिच्या वाटेत ट्रॉली-क्रेन काही नाही. कॅमेरावाल्यांनी वहाणा काढायच्या. देवीचे रुपे (मुखवटे) लावताना शूटिंग नाही. मानकऱ्यांच्या तोंडावर दिवा मारायचा नाही. हे सगळं मान्य.

संकासुर (शिमग्यातलं सोंग) मात्र आमचा वेगळा. काळा पायघोळ वेष, उंच टोपी, पांढरी दाढी, कमरेला घुंगरं. मुलगा त्याच्या मागे मागे गर्दीतून बाहेर जातो. गावचा संकासुर हा मुलाला पळवणारा दाखवायला गावाचा साफ नकार होता, आणि बरोबरच होता. मग ठरलं की मुलगा खऱ्या संकासुराच्या मागे जातो, हसतो, हातातली गोळी चोखतो. वळणावर संकासुर नाचत डावीकडे वळतो, मुलगा चप्पल सुटली म्हणून थांबतो आणि उजवीकडून हाक येते. हाक कोणाची हे प्रेक्षकाला मध्यंतरानंतर कळेल. तो गावातला सामील माणूस, ज्याच्यावरून डिसेंबरात भांडण झालं होतं. ते काम करायला शेवटी तांडेलकाकाच तयार झाले. म्हणाले, माझ्यावर कोणी संशय घेणार नाही.

कॅमेरे: एक पाखाडीच्या वर, स्थिर. एक हातात, मुलाच्या उंचीवर. तिसरा मागितला होता, निर्मात्यांनी नाही म्हटलं. मुलाचे शॉट सातच्या आत, उजेडात, रोंबाटाच्या (शिमग्याच्या मिरवणुकीच्या) आधी. गर्दीतले नायिकेचे शॉट होळी पेटल्यावर. लाल फडका दोन नग जास्तीचे घेऊन ठेवायचे, खाडीत एक गेला.